शांताबाईंचा वस्तरा

आमच्या नगरकडचे जुने कारागीर अजून हौसेनं सांगतात: धोकटी काखेला मारून वाड्यावस्त्या फिरायच्या, पारावर गिऱ्हाईक बसवायचं, दाढी झाली की ओल्या गालावर तुरटी फिरवायची, सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचं. पण या आठवणी सगळ्या पुरुषांच्या. म्हणून मला शांताबाई यादवांचं भारी अप्रूप! गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरसासगिरी त्यांचं गाव. १९८४च्या सुमारास नवरा वारला, पदरात चार मुली. शांताबाईंनी त्याचाच वस्तरा हाती घेतला. लोक हसले. त्या मात्र धाकटीला शेजारी सोपवून आसपासची गावं करायच्या. दाढी-कटिंगचा एक रुपया. म्हशीही भादरायच्या, त्याचे पाच! चौघींची लग्नं याच कमाईवर झाली.