लँडमास्टरला अँबॅसडरची टाकी

आमच्या तीर्थरूपांनी घेतलेली १९५७ सालची लँडमास्टर मोटार बेळगावी आमच्या वखारीमागील पडवीत पुष्कळ वर्षे उभी होती. धाकट्या कन्येच्या लग्नात वधूवरांची पाठवणी त्याच गाडीतून व्हावी, अशी सौभाग्यवतींची इच्छा होती. इंजिन थोड्या खटपटीने सुरू झाले. परंतु पेट्रोलच्या टाकीचा तळ गंजून चाळण झाला होता. गाडी राखावी की भंगारात घालावी, हा प्रश्न त्या टाकीपाशी येऊन थांबला.

कोणी सुचविले की जुनीच टाकी झाळून घ्यावी. आमच्या मिस्त्रींनी साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते व ठिणगी पडताच भडका उडतो. थोड्या पैशांच्या लोभाने हा धोका कोणीही पत्करू नये.

मोटारींनाही कुळी असते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार झालेली लँडमास्टर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची दुसरी मालिका. तिच्यामागून आलेली अँबॅसडर ही तिसरी. सांगाड्याची घडण मूळची एकच. तिसऱ्या मालिकेत बोनेटवर पन्हळी आल्या आणि मागील मडगार्डांना लहान कल्ले फुटले, इतकेच. अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत राहिल्याने तिचे सुटे भाग जुन्या बाजारात अद्याप मिळतात. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियरच्या फियाटचेही असेच आहे. १९६४ ची डिलाइट व नंतरची पद्मिनी या सख्ख्या बहिणी. परंतु त्यांचे पुढील दरवाजे १९५४ च्या ‘डुक्कर’ फियाटला चालावयाचे नाहीत, कारण तिच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असत.

मिस्त्रींनी जुन्या टाकीचा पुठ्ठ्यावर ठसा काढला व तो घेऊन आम्ही दोघे जुन्या बाजारात गेलो. नंतरच्या एका अँबॅसडरची टाकी पसंत पडली. ‘‘अण्णा, पट्टी वाकवू, पण गाडीला नवीन भोक पाडायचं नाही,’’ असे ते म्हणाले. त्याप्रमाणे पट्ट्या बदलल्या. गाडीचा पत्रा अबाधित राहिला.

पहिल्याच फेरीत खानापूर रस्त्यावर गाडी बंद पडली. काटा तर टाकी भरल्याचे दाखवीत होता! उघडून पाहता थेंब नव्हता. कारण पुढे उमगले. जुन्या पद्धतीच्या काट्याला, टाकी रिकामी असता, तरंगत्या गोळ्याकडून विजेचा रोध अत्यल्प मिळावा लागतो. नंतरच्या पद्धतीत तो रिकाम्या टाकीला सर्वांत जास्त असतो. दोहोंची भाषाच उलटी. अखेर आमच्या मूळ टाकीतील गोळा साफ करून नव्या टाकीत बसविला, तेव्हा काटा ताळ्यावर आला.

पुतण्याचा आग्रह होता की आता अँबॅसडरचे मागील मडगार्डही लावावेत, शोभा येईल. मी मानले नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीची विंटेज म्हणून नोंद व्हावयाची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. शिवाय कल्ले लावल्यावर ती तीर्थरूपांची गाडी राहिली नसती.

जुनी टाकी टाकून न देता खूणचिठ्ठी बांधून वखारीत ठेविली आहे. पाठवणीच्या दिवशी गाडी दारात आली, तेव्हा मंडळी फुले बांधीत होती आणि मी मागे उभा राहून टाकीत पेट्रोल किती आहे ते काठी घालून पाहत होतो.