वातानुकूलनात वाऱ्यापेक्षा पाणी काटकसरी

कार्यालयीन इमारतींच्या वीजबिलातील मोठा वाटा वातानुकूलनाचा असतो. तो कमी करण्याचा एक मार्ग हैदराबादेत सिद्ध झाला आहे. इन्फोसिसने तेथे २०११ मध्ये उभारलेल्या इमारतीच्या एका अर्ध्या भागात थंड हवेचे झोत सोडणारी नेहमीची यंत्रणा, तर दुसऱ्या भागात छताच्या स्लॅबमधील नळ्यांतून थंड पाणी खेळवणारी यंत्रणा बसवण्यात आली. या दुसऱ्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे एक-तृतीयांश वीज कमी लागली. हवेपेक्षा पाणी कितीतरी अधिक उष्णता वाहून नेते. त्यामुळे मोठ्या पंख्यांवरील वीज वाचते. मात्र, छताला दव धरू नये म्हणून आत सोडायची ताजी हवा आधी कोरडी करावी लागते आणि काचांतून येणारे ऊनही रोखावे लागते. मुंबईसारख्या दमट शहरात ही पथ्ये पाळल्याखेरीज बचत पदरी पडणार नाही.