तबकडीवरची गिटार

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात हॉलिस नावाची वस्ती आहे. तेथील जोसेफ सिमन्स, डॅरिल मॅकडॅनियल्स आणि जेसन मिझेल या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी 'रन-डीएमसी' या नावाने १९८४ साली 'रॉक बॉक्स' ही बारा इंची तबकडी काढली, आणि रॅप व रॉक यांचा आरंभीचा ठळक संगम म्हणून तिचा दाखला आजवर दिला जातो. दाखला खोटा नाही. 'संगम' हा शब्द मात्र मला किंचित खटकतो. संगमाला दोन दुरून आलेल्या नद्या लागतात, आणि येथे तर रॉकचे पाणी रॅपच्या विहिरीत आधीपासूनच झिरपत होते.

रॅपचा जन्म मुळी इतरांच्या तबकड्यांतून झालेला. १९७३ नंतर ब्राँक्समध्ये कूल हर्क आणि त्याच्या मागून आलेले डीजे यांनी अशी युक्ती काढली, की गाण्यात जेथे बाकीची वाद्ये गप्प होऊन नुसता ड्रम वाजतो तेवढाच तुकडा, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, आळीपाळीने हवा तितका लांबवीत न्यायचा. ठेका चांगला असला म्हणजे झाले. तो कोणत्या वर्णाच्या वादकाचा, याची चौकशी कोणी करीत नसे. एरोस्मिथ या गोऱ्या रॉक संघाच्या 'वॉक धिस वे'चा आरंभीचा ठेका असाच वाजवला जाई, आणि गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच डीजेचा हात सुई उचलून ती पुन्हा पहिल्या चरावर ठेवी.

म्हणजे रॉकचा ड्रम घेतला जात होता आणि त्यापुढचे रॉक बाहेर ठेवले जात होते. 'रॉक बॉक्स'ने ही बंदी उठवली. निर्माते दोन : सिमन्सचा थोरला भाऊ रसेल आणि बासवादक लॅरी स्मिथ. त्यांनी एडी मार्टिनेझ या व्यावसायिक गिटारवादकाला बोलावून, ड्रम मशीनच्या कोरड्या, जड ठोक्यांवर त्याची कर्कश गिटार मुक्तपणे सोडली. ती मधूनच हजेरी लावून जात नाही. शब्द थांबले की किंचाळत पुढे येते आणि शब्द चालू असतानाही मागून गुरगुरत राहते. तिच्यापुढे टिकायचे तर बोलणाऱ्यालाही आवाज चढवणे प्राप्त होते, आणि रन (सिमन्स) व डीएमसी (मॅकडॅनियल्स) तो चढवतात. आपल्याकडे शाहिराच्या ओळीचा शेवट झीलकरी उचलून धरतो, तसे हे दोघे एकमेकांचे शब्द अर्ध्यावर उचलतात. फरक इतकाच, की येथे झीलकरी कोण आणि शाहीर कोण याचा निवाडा होत नाही.

अशा गदारोळाला बारा इंची तबकडी मानवली, हेही सांगितले पाहिजे. सात इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनचार मिनिटांचे गाणे दाटीवाटीने बसवावे लागे. बारा इंचीवर एकच गाणे असल्याने चर रुंद आणि खोल कोरता येत, साहजिकच आवाज मोठा आणि खर्ज भरदार मिळे. नृत्यगृहातल्या डीजेला याहून अधिक काही नको होते.

पुढे या गाण्याची चित्रफीत निघाली. तिच्या प्रारंभी अर्विन कोरी हा वयस्क विनोदी नट प्राध्यापकी थाटात निरर्थक पांडित्य पाजळतो, जे संगीतावर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना थोडे लागावेच. कृष्णवर्णीय कलावंतांना पुरेसे स्थान देत नाही, अशी तक्रार ज्या एमटीव्ही या संगीतवाहिनीविरुद्ध होती, तिथे प्रक्षेपित झालेली ही रॅपची पहिली चित्रफीत मानली जाते. ज्या दाराशी रॅपला मज्जाव होता, त्याचा परवाना बहुधा मार्टिनेझच्या गिटारने मिळवून दिला. १९८४ मध्येच निघालेल्या 'रन-डीएमसी' या अल्बमला सुवर्णप्रमाणपत्र मिळाले. रॅपच्या अल्बमला हा मान प्रथमच लाभला.

१९८६ साली याच त्रयीने एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलर आणि जो पेरी यांना सोबत घेऊन 'वॉक धिस वे' नव्याने मुद्रित केले. ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि तेव्हापासून रॅप-रॉकच्या पितृत्वाची सनद लोकांनी त्याच्याच नावे करून टाकली. त्या गाण्यात पाहुणे आणि यजमान वेगवेगळे ओळखू येतात. 'रॉक बॉक्स'मध्ये गिटार घरचीच वाटते. माझ्या मते अस्सल तबकडी हीच.