संघमालक आणि प्रशिक्षक : संघ जिंकतो तो नेमका कुणामुळे?

महाड : भातकापणी आटोपली की महाड-पोलादपूरच्या गावांत शेतं मोकळी होतात आणि टेनिस क्रिकेट, कबड्डीचे सामने सुरू होतात. हल्ली ‘संघमालक’ हा शब्दही गावात चांगला रुळला आहे. खेळाडूंचा लिलाव होतो, जर्सीवर मालकाचं नाव येतं. पण लागोपाठ दोन सामने हरले की वाद ठरलेला : संघ कुणी निवडला, मालकाने की कप्तानाने?

मोठ्या फुटबॉल क्लबांतही हाच प्रश्न असतो, फक्त तिथे कप्तानाच्या जागी मुख्य प्रशिक्षक असतो. त्याचं उत्तर शोधायला परदेशात जायला नको. आपल्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही टोकांना त्याची उदाहरणं आहेत.

गोव्यात एकच प्रशिक्षक, तेरा वर्षे

पणजीच्या धेंपो उद्योगसमूहाचा धेंपो स्पोर्ट्स क्लब. मालक श्रीनिवास धेंपो, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. कुलासो यांनी २००० मध्ये संघ हाती घेतला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकायला मात्र २००४-०५ चा हंगाम उजाडला. इतकी वर्षे किती मालक थांबतील? धेंपो थांबले. त्यानंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असे एकूण पाच वेळा धेंपो देशाचा विजेता ठरला. २००८ मध्ये संघाने एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याचे खेळाडू या संघात वर्षानुवर्षे टिकले. प्रशिक्षक तोच राहिला की खेळाडूला आपलं काम कळतं. दरवर्षी नवा माणूस, नवी पद्धत असा प्रकार होत नाही. कुलासो २०१३ पर्यंत धेंपोसोबत राहिले.

प्रशिक्षक गेला, विजेतेपद दुसरीकडे

याच्या उलट उदाहरणही गोव्यातलंच. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवा संघाने स्पेनचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हंगाम चालू असतानाच निरोप दिला. तेव्हा संघ आयएसएलमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांनी सांभाळले आणि साखळीत पहिला येण्याचा मान गोव्याने मिळवलाही. पण लोबेरा पुढच्या हंगामात गेले मुंबई सिटीकडे. त्यांच्या मागोमाग ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हे गोव्याचे भरवशाचे खेळाडूही मुंबईकडे आले. प्रशिक्षक एकटा जात नाही, तो आपली घडी सोबत नेतो.

मुंबईत माणूस बदलला, पद्धत नाही

मुंबई सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये होती. अभिनेता रणबीर कपूर सहमालक, त्यामुळे नाव मोठं, पण विजेतेपद नव्हतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक तेच. लोबेरा आले आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतला पहिला क्रमांक आणि अंतिम सामन्याचा चषक असं दोन्ही जिंकलं. अंतिम सामना झाला गोव्यातच, फातोर्ड्याला.

पुढे लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम आले. त्यांच्या काळात, २०२२-२३ मध्ये, मुंबई पुन्हा साखळीत पहिली आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेही इंग्लंडला गेले, तर त्यांच्या जागी पीटर क्रॅटकी आले आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक आणला. बकिंगहॅम आणि क्रॅटकी, दोघेही ग्रुपच्याच ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न सिटी क्लबात काम केलेले. म्हणजे मालकाने आधीच आपल्या पद्धतीत तयार झालेली माणसं जवळ ठेवली होती. म्हणून माणूस बदलला तरी गाडी रुळावरून घसरली नाही.

मालकाने हात काढला तर?

प्रशिक्षक कितीही हुशार असो, मालकाशिवाय त्याचं चालत नाही. फुटबॉल महासंघाच्या नव्या लीग आराखड्यावर नाराज होऊन २०१६ मध्ये धेंपोने राष्ट्रीय लीग सोडली. पाच वेळचा विजेता आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५ च्या हंगामात, आणि तेव्हा प्रशिक्षक होते जुने खेळाडू समीर नाईक. मुंबईतही डिसेंबर २०२५ मध्ये, लीगच्या भवितव्याचा पत्ता नसल्याने, सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडला.

गावच्या संघाने काय घ्यावं?

गावच्या संघाकडे कोट्यवधी नाहीत, पण कामाची वाटणी तीच आहे. मालकाचं काम म्हणजे पैसा, मैदान, साहित्य, प्रवास, जखमी पोराचा दवाखाना आणि मुख्य म्हणजे धीर. कोण खेळणार, कुठे खेळणार, कुणाला बसवायचं, हे प्रशिक्षकाचं किंवा कप्तानाचं काम. सामना चालू असताना मालकाने बाहेरून ओरडून बदल सुचवले, की पोरं दोघांच्या तोंडाकडे बघत राहतात.

म्हणून लिलावाच्या आधीच तीन गोष्टी बोलून घ्याव्यात : संघ कोण निवडणार, खर्चाची मर्यादा किती आणि किती हंगाम हीच जोडी ठेवायची. ‘मुंबईकर’ मालक गावी फक्त सामन्यांपुरता येत असेल, तर हे आधी ठरवणं जास्तच गरजेचं. धेंपोलाही पहिली लीग जिंकायला चार-पाच वर्षे लागली. गावच्या संघाला निदान दोन हंगाम तरी द्यायला हवेत.