एक वर्ग, अनेक पायऱ्या

आठवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण मांडलेले असते आणि त्याच वर्गातील एखादा विद्यार्थी ४३ मधून १७ वजा करून ३४ असे उत्तर लिहितो. ३ मधून ७ जात नाहीत, म्हणून तो ७ मधून ३ वजा करून मोकळा होतो. हा निष्काळजीपणा नव्हे. त्यामागे एक निश्चित, परंतु चुकीचा नियम आहे. तो दुरुस्त झाल्याखेरीज समीकरण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पन्नास जणांच्या वर्गात प्रत्येकाचा असा नियम शोधणे एकट्या शिक्षकाला कसे जमावे? पाठ्यक्रम तर पुढे सरकतच राहतो.

या शोधात संगणकाचे साहाय्य होऊ शकते. दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांत २०१५ मध्ये याचा अभ्यास झाला. सरकारी शाळांतील सुमारे ६०० विद्यार्थ्यांपैकी काहींना सोडत काढून प्रवेश देण्यात आला. सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता. संगणक प्रथम चाचणी घेऊन प्रत्येकाची पायरी ठरवी; पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरांवर अवलंबून असे. नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकासमोर, तर निम्मा लहान गटात शिकविणाऱ्या व्यक्तीबरोबर जाई. साडेचार महिन्यांत या विद्यार्थ्यांची गणितातील प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट झाली.

शाळेच्या परीक्षेतील गणिताच्या गुणांत मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रश्नपत्रिका इयत्तेनुसार काढलेली असते. चौथीच्या पायरीवरून पाचवीच्या पायरीवर आलेल्या मुलाची चढण आठवीच्या प्रश्नपत्रिकेला दिसणार कशी?

सर्वांना एकच धडा पडद्यावर दाखविला, तर संगणक म्हणजे केवळ महागडा फळाच होय. त्याचा खरा उपयोग एकसारखी चूक करणारे विद्यार्थी शिक्षकाच्या नजरेस आणून देण्यात आहे. मग त्या पाच-सहा जणांना एकत्र बसवून, यंत्र बाजूला ठेवून शिकविता येते. त्यांच्यापैकी एखादा सायंकाळी भाजीच्या गाडीवर हाच हिशेब तोंडी आणि अचूक करीत असेल. दहाच्या चार नोटा आणि तीन सुटे रुपये त्याच्यापुढे ठेवून सतरा रुपये मागितले, की तो एक नोट सुटी करून घेतो. तीच कृती मग त्याला वहीत मांडावयास सांगायची असते.