रसदीची पलटण



आपल्या अनेक घरांत लष्करी गणवेशातल्या आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत. मुंबई इलाख्याच्या फौजेतील बेने इस्राएल सुभेदारांच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या. पण त्या पलटणींना पीठ, डाळ, तूप कोण पोचवीत असे, याबद्दल क्वचितच बोलले जाते.

आम्ही दुबईच्या मुहैस्नाह भागात राहतो. येथील मजूरवस्तीला आपले लोक सोनापूर म्हणतात. हजारो माणसांना रोज कामावर नेणे-आणणे आणि जेवू घालणे केवढे जिकिरीचे, हे इथे दिसते. लष्करात या कामाला रसद म्हणतात, आणि तिथे वाट अडवायला शत्रू बसलेला असतो.

भारतीय लष्करात हे काम मुख्यतः आर्मी सर्व्हिस कोअर करते. इंग्रजी अमलात आधी त्याला कमिसारिएट म्हणत. 1923 साली इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे नाव आले. या कोअरच्या बटालियन शिधा व इंधन पुरवतात, दारूगोळा वाहून नेतात. ट्रक चढत नाही तिथे खेचरे जातात, तेही जमले नाही तर विमानातून माल टाकतात.

रसद तुटली की काय होते, ते कूतला दिसले. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन याच आखातातून बसऱ्याला गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. फौज तैग्रिस नदीने बगदादच्या दिशेने पुढे गेली. पण नदीत चालणाऱ्या आगबोटी फार थोड्या होत्या. माल बसऱ्यात आणि माणसे उपाशी, अशी गत झाली. माघार घेऊन फौज कूत गावी थांबली, आणि डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांनी वेढा घातला.

शिधा घटत गेला. घोडे आणि खेचरे कापावी लागली. धर्मगुरूंनी मोकळीक दिल्याचा निरोप हिंदुस्थानातून आला, तरी अनेक शिपाई ते मांस बरेच दिवस शिवेनात. आपल्याकडे जीव वाचवण्यासाठी पिक्कुआख नेफेशची आज्ञा आहे. तरीही कोशेर घरात वाढलेल्याला त्यांची घालमेल कळेल. विमानांतून पोती टाकली, ती अपुरी पडली. धान्य घेऊन निघालेली जुल्नार ही आगबोट तुर्कांनी पकडली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 माणसे शरण गेली. पुढे कैदेत कित्येक मेली.

त्यानंतर बसऱ्याचा धक्का सुधारला, आगबोटी वाढल्या, रेल्वे टाकली. नवी कुमकही आली. मार्च 1917 मध्ये बगदाद हाती आले. नदी तीच होती. या वेळी मागून भाकरी येत होती.

म्हणून ज्येष्ठांना आमची विनंती आहे. घरच्या जुन्या कागदांत ‘कमिसारिएट’ किंवा ‘सप्लाय’ असा शब्द दिसला, तर तो कारकुनीचा कागद समजून टाकू नका. फोटोमागे त्या माणसाचे नाव आणि काम लिहून ठेवा. लढणारे त्याच्याच जिवावर उभे होते, हे नातवंडांना कळू द्या.