प्रमाणपत्राला मुदत हवी

दहावीचा शेवटचा पेपर झाला की राहात्यासारख्या तालुक्याच्या गावातली बरीच पोरं एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गाला नाव घालतात. २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) उभी राहिली आणि तिच्या या अभ्यासक्रमामुळे साध्या घरातल्या मुलांना पहिल्यांदा संगणक हाताळायला मिळाला, याचे श्रेय द्यायलाच हवे. सरकारी भरतीच्या जाहिरातीतही हे प्रमाणपत्र चालते. पण एकदा मिळाले की ते जन्मभर चालते, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

शिक्षकांचे उदाहरण घ्या. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत ही परीक्षा उत्तीर्ण व्हा, नाहीतर वेतनवाढ गेली, अशी तंबी मिळाल्यावर गुरुजी पास झाले. आज त्यांना विद्यार्थ्यांची माहिती सरल आणि यूडायस प्लस या पोर्टलांवर भरावी लागते, पगाराची बिले शालार्थ या ऑनलाइन प्रणालीवर निघतात. यातले काहीही तेव्हा नव्हते. कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेले नाव पोर्टलवर चिकटवले की रोमन अक्षरांची खिचडी होते. युनिकोड कळले तर हा घोळ मिटतो, पण जुन्या प्रमाणपत्राच्या जोरावर ते कळत नाही. मग नेट कॅफेवाल्याला पैसे मोजून माहिती भरून घ्यायची वेळ येते.

मोबाइलवर वाढलेल्या पिढीला असल्या वर्गाची गरजच काय, असे कुणी म्हणेल. रील बनवणाऱ्या मुलाला सेव्ह केलेली फाइल कुठे गेली हे सापडत नाही, हे वर्गावरच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. तालुक्यातल्या पतसंस्था, लोणीचा साखर कारखाना, शिर्डीतली हॉटेले यांना हिशेबाचा तक्ता बिनचूक करणारा माणूस लागतो. बोट सरकवण्याचा वेग तिथे कामाचा नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जनगणना, निवडणूक आणि अहवालांनी आधीच पिचलेल्या शिक्षकांमागे आणखी एका परीक्षेचे शुक्लकाष्ठ कशाला? तर परीक्षा नकोच. दर पाच वर्षांनी शाळेतल्याच संगणकावर, कामाच्या वेळेत, एका वर्गाचा निकालतक्ता आणि पालकांना युनिकोड मराठीत एक पत्र करून दाखवायचे. जमले नाही तर वेतनवाढीची वसुली न लावता पुन्हा शिकवायचे, आणि खर्च शासनाने सोसायचा. सक्तीशिवाय कोणी शिकले नसते हे खरे, पण नुसत्या सक्तीने लोक पास झाले, शिकले किती हा प्रश्न राहिलाच.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी एवढे करावे: वर्ग संपल्यावर प्रमाणपत्राआधी मुलाने स्वतः बनवलेली एक फाइल उघडून दाखवायला सांगावी.